शाल्मलीचा उतारा

संध्याकाळी ओपीडी संपली की मनोविकार विभागातले शिकाऊ डॉक्टर उताऱ्याच्या खोलीबाहेर रांग लावत. आत जाताना तोंडं सुकलेली, बाहेर येताना मात्र जो तो वरातीत नाचून आल्यासारखा! फक्त शाल्मली तोरणे आत जायची तशीच बाहेर यायची. खरं तर थोडी जास्तच मलूल होऊन.

भावपट्टा आल्यापासून मनोविकारतज्ज्ञ होण्याची रीतच बदलली होती. एक पट्टा रुग्णाच्या कपाळाला, दुसरा डॉक्टरच्या. रुग्णाच्या मेंदूतली भावनेची लय डॉक्टरच्या मेंदूत उमटे. विचार नव्हेत, आठवणीही नव्हेत. फक्त ते जड वाटणं, ती धडधड. 'तुमचं दुःख मी समजू शकतो' हे डॉक्टरी वाक्य त्यामुळे पहिल्यांदाच खरं झालं. पण दिवसभर लोकांची दुःखं अंगावर घेऊन घरी जायचं कसं? म्हणून प्रवेशाच्या दिवशी प्रत्येकाच्या स्वतःच्या मनःस्थितीची नोंद करत. तिला मूळपट म्हणत. रोज संध्याकाळी यंत्र मेंदूची लय त्या मूळपटावर आणून ठेवी. कागदोपत्री याला 'मूलस्थिती पुनर्स्थापन' असं भारदस्त नाव होतं. पण मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढणाऱ्या आयांची ही लेकरं, त्यांनी त्याला उतारा म्हटलं आणि तेच रूढ झालं.

शाल्मलीला मात्र हा उतारा काही लागू पडेना. विभागप्रमुख हर्डीकर सर, सदा प्रसन्न माणूस, तिला म्हणाले, "तुझा पिंड या शाखेचा नाही. चर्मरोगात जागा आहे. सोमवारपर्यंत काय ते सांग."

गावाने तिच्या मावशीला वेडी ठरवून खोलीत कोंडलं, तेव्हापासून शाल्मलीला मनाचीच डॉक्टर व्हायचं होतं. चर्मरोग! तिला रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी बार्शीच्या सुशीलाबाई गुंजाळ समोर बसल्या होत्या. ब्लाउज शिवणारी ही बाई नवरा गेल्यापासून शिलाई मशीनकडे फिरकली नव्हती.

"पोरी, माझं समदं तुझ्या डोस्क्यात जातंय. मग तू मोकळी कवा हुतीस?"

"संध्याकाळी यंत्र मला परत माझ्यासारखी करतं, मावशी."

"तुझ्यासारखी म्हंजी? मानूस रोज एकसारखं असतंय व्हय?"

"प्रवेशाच्या दिवशी जशी होते, तशी."

"मंग त्या दिशी लई खुशीत असशील."

शाल्मली 'हो' म्हणणार, तोच तिला तो दिवस आठवला. त्या दिवशी ती बाबांचं तेरावं उरकून थेट एसटीने आली होती. तंत्रज्ञाने 'रेषा स्थिर आहे' म्हणून नोंद घेऊन टाकली होती. दुःखसुद्धा स्थिर असतं, हे त्या यंत्राला कोण सांगणार? म्हणजे रोज संध्याकाळी तिला उचलून बाबांच्या तेराव्यातच नेऊन बसवत होते. आणि ती बापडी स्वतःलाच दोष देत होती, की सगळ्यांचे बाप जातात, मग आपल्यालाच का सावरता येत नाही!

सरांना सांगितलं तर ते खळखळून हसले. "अगं, सोपं आहे! उद्या छान जेवून ये. नवा मूळपट घेऊ."

"नको सर. मला काही दिवस उताराच नको."

"वेडी आहेस का?" मनोविकारतज्ज्ञाच्या तोंडी हा शब्द! "बुडशील लोकांच्या दुःखात."

"बुडाले तर चर्मरोगात जाईन."

त्या संध्याकाळी ती सुशीलाबाईंचं ओझं घेऊनच हॉस्टेलवर गेली. आईला फोन केला आणि दोघी पोटभर रडल्या. मग आईला आठवलं, एकदा तिने चहात साखरेऐवजी मीठ घातलं होतं आणि बाबा 'फक्कड झालाय' म्हणत अख्खा कप प्यायले होते. शाल्मली हसली. किती दिवसांनी! पुढच्या दिवसांतही दुःख गेलं नाही. पण थोडं सरकलं, आणि तिला बसायला जागा झाली. सुशीलाबाईंचा जडपणाही सकाळपर्यंत आपोआप विरे.

"हे हलतं, मावशी," तिने त्यांना सांगितलं. "मी स्वतः पाहिलंय."

सुशीलाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "मशीनला त्याल द्याया पायजे," त्या पुटपुटल्या.

सोमवारी ती सरांकडे गेली. "मी इथेच राहणार, सर. उताऱ्याशिवाय."

सर नेहमीसारखे हसले नाहीत. हातातला पट्टा त्यांनी बराच वेळ उलटसुलट केला.

"माझी बायको, नलिनी, गेली त्या दिवशीही मी संध्याकाळी उतारा घेतला. सवय! घरी सगळे रडत होते आणि मी, मूळपटातला तो नुकताच प्रवेश मिळालेला पोरगा, शीळ दाबून उभा होतो. आठ वर्षं झाली. लोक म्हणतात, हर्डीकर किती धीराचा. पण मला अजून तिचं दुःखच झालेलं नाही."

बाहेर उताऱ्याच्या रांगेतून हसण्याचा आवाज येत होता.

"आज नाही घेतला उतारा, तर सगळं एकदम येईल का गं?"

"माहीत नाही, सर."

त्यांनी पट्टा टेबलावर ठेवला. शाल्मलीने आपलाही पट्टा काढून त्याच्याशेजारी ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली.

"मी बसते ना," ती म्हणाली. "सांगा सर, नलिनीकाकू कशा होत्या?"