चौथ्या बाजूचा भात

माझ्या थोरल्याला, अरीबला, हल्ली वेगळ्या ताटाचं खूळ लागलंय. आमच्या कोकणातल्या साखरतरच्या घरात कुणी कधी वेगळं ताट घेतलं नाही. एक मोठा थाळा, त्यात भात, भोवती माणसं. ज्याने त्याने आपल्या समोरचं खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही, आणि शेवटच्या माणसाचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. एवढी शिस्त मी दोन्ही मुलांना फटके देऊन शिकवली. आणि हा बारा वर्षं सौदीत, जेद्दात राहून मला सांगतो, "अम्मी, एका थाळ्यात जेवणं हायजीनिक नसतं."

मी चौथी शिकलेय. हायजीनिक म्हणजे काय ते मला सुनेने, तस्नीमने, सांगितलं. सांगताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी त्याच्याकडे आले होते उमऱ्याला, मक्केच्या यात्रेला. तो झाला. पण खरं लिहायचं तर निम्मी आले होते धाकट्यासाठी. मुनाफ तबूकला बांधकामावर क्रेन चालवतो. दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, नमाज झाली की त्याचा फोन यायचा. तीन जुम्मे फोन नाही. मी लावला तर एक बाई अरबीत काहीतरी बोलायची आणि फोन कट. अरीबला विचारलं की उत्तर ठरलेलं, "साइट पार वाळवंटात आहे, नेटवर्क नाही. या जुम्म्याला येतोय तो. खलास, तू काळजी करू नको." माझा मुलगा माझ्याशी खोटं बोलणार नाही, असं मी गावभर सांगत आलेय. त्यामुळे पुन्हा विचारलं नाही.

तोवर अरीब मला हॉटेलं दाखवत फिरला. चांगलं हॉटेल शोधायची त्याची तऱ्हा म्हणजे फोन काढायचा आणि तारे बघायचे. याला साडेचार तारे, त्याला चार. मी म्हटलं, "अरे, चाळीस वर्षं बंदरावर मासळी घेतेय मी. कल्ला उचलून लाल आहे का बघते. तारे बघून घेतली असती तर तुम्ही दोघं लहानपणीच गेला असतात."

तस्नीम हसेल असं वाटलं होतं. अरीबने फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "चल, उशीर होतोय." उशीर कसला, चार वाजले होते.

पहिलं हॉटेल समुद्राकाठी होतं, सगळं काचेचं. वेटर मल्याळी, हिंदी बोलणारा. त्याने पाण्याच्या चार बाटल्या मांडल्या. मी म्हटलं, "हम तीन हैं." त्याने माझ्या बाजूच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं, "सॉरी, अम्मा," म्हणाला आणि बाटली उचलून नेली. नवीन असेल, असं मी समजले. जेवण बेचव होतं. तारे बहुतेक काचेला दिले असावेत.

दुसऱ्या दिवशीच्या हॉटेलात चार मेन्यूकार्डं आली. चौथ्या माणसाची खुर्ची टेबलापासून जराशी बाहेर होती, कुणी बसताना ओढतं तेवढी. अरीब उठला आणि ती आत सारली. सारून लगेच बसला नाही. दोन्ही हात तिच्या पाठीवर दाबून उभा राहिला, भरलेल्या पेटीचं झाकण बसत नाही म्हणून माणूस दाबतो तसा.

"काय रे?"

"काही नाही. वाटेत येत होती."

त्या रात्री घरी मी तस्नीमला विचारलं, "तुमच्या लग्नात मी दिलेला थाळा कुठाय?" तिने कपाटाच्या वर बोट दाखवलं. थाळा चादरीत गुंडाळलेला, वरून सुतळी. सुतळीला तीन गाठी.

"हे म्हणाले, वर ठेव. तबूकहून आल्यापासून..." ती थांबली.

"हा तबूकला कधी गेला होता?"

"कामाला गेले होते, अम्मी. महिना होत आला." आणि गॅस चालू नसतानाच ती गॅस बंद करायला गेली.

जुम्म्याला अरीब नमाजेहून आला. "मुनाफ संध्याकाळपर्यंत पोचेल," म्हणाला, "तोवर बाहेर जेवून येऊ." अल अझीझिया भागात त्याने कुठलं तरी तारेवालं हॉटेल काढलं होतं. गाडी लांब लावावी लागली. चालताना मला वास आला. कोळशाचा, आणि त्याच्या आत भाताचा. टायरच्या दुकानाशेजारी एक अरुंद दार, पाटीवरची अक्षरं उन्हाने उडालेली. मी दारातून न जाता मागच्या बाजूला गेले. भांडी घासायची जागा बघितली. टोप आतून बाहेरून लख्ख, मोरी कोरडी, माशी नाही.

"कल्ला लाल आहे," मी म्हटलं. "इथेच जेवायचं."

अरीब फोन चाळत होता. "हे फोनवर नाहीच, अम्मी."

"फोनवर नसेल. रस्त्यावर आहे."

"इथे सगळ्यांना एकाच थाळ्यात देतात."

"म्हणूनच."

तो तस्नीमकडे बघत राहिला. ती डोक्यावरच्या गोशाचं टोक बोटाला गुंडाळत होती. शेवटी मीच आत शिरले.

बायकामुलांसाठी आत प्लायवुडच्या खोल्या होत्या. तीन बाजूंना भिंत, चौथ्या बाजूला पडदा, खाली गालिचा. आम्ही तिघं तीन भिंतींना टेकलो. दाढीला मेंदी लावलेला एक म्हातारा येमेनी वाढपी आला. इथे भात माणसांवर मागतात. माणसाला म्हणतात नफर.

"सलासा नफर," अरीब म्हणाला आणि तीन बोटं दाखवली.

म्हाताऱ्याने आम्हा तिघांना बघितलं. मग पडद्याच्या बाजूला, खाली, माणूस बसल्यावर तोंड येतं तेवढ्या उंचीवर बघितलं. मान लववली. "अरबा," म्हणाला. चार.

"सलासा."

म्हातारा आत गेला. थाळा घेऊन आला तो चार माणसांचा. बुखारी भात, वर गाजर, बेदाणे, मटणाचे तुकडे. पाण्याचे पेले चार. चौथा त्याने पडद्याच्या बाजूला ठेवला, आणि ठेवताना सलाम केला.

"मुनाफ असता तर बेदाणे वेचत बसला असता," मी म्हटलं. लहानपणापासून त्याला बेदाणा चालत नाही. एकेक काढून थाळ्याच्या कडेला ओळीत मांडायचा, पलटणीसारखे. त्यावरून माझा मार खाल्लाय त्याने.

अरीबचा घास तोंडाशी थांबला. मग तो खाली मान घालून भराभरा खायला लागला.

भात उत्तम होता. मोकळा, लवंग बेताची. मी जेवत होते, आणि बरंच पोट भरल्यावर माझं लक्ष गेलं. आमच्या तिघांसमोर भातात तीन खळगे पडले होते. पडद्याच्या बाजूलाही एक होता.

भात घसरला असेल, असं वाटलं. थाळा हलवून बघितला. सपाट जमिनीवर होता. पंखाही बंद होता.

खळगा बोटांनी केलेला होता. कडेला चार बोटांच्या रेघा.

मी बघत असताना काही हललं नाही. मी पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि परत बघितलं. खळगा मोठा होता.

थाळ्याच्या कडेवर बेदाणे होते. ओळीत. सात.

तस्नीमने हात कधीच मांडीत घेतला होता. ती रडत होती, आवाज न करता. अरीब डोळे मिटून जेवत होता.

"तबूकला कशाला गेला होतास?"

"अम्मी, आधी जेवून घे."

"कशाला?"

त्याने डोळे उघडले, पण पडद्याकडे नेले नाहीत. "क्रेन कलंडली," तो म्हणाला. "तुझं तिकीट आलं होतं. वाटलं, उमरा होऊ दे तुझा. मग सांगू."

"माती कुणी दिली?"

"मी. तिथेच."

मला ओरडता येईल असं वाटलं होतं. आलं नाही. हात आपोआप थाळ्यात गेला. माझ्या बाजूला एक नळीचं हाड होतं. नळी घरात नेहमी धाकट्याची. उभ्या जन्मात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या बाजूला हात घातला आणि ते त्या खळग्यात ठेवलं.

अरीब उठायला लागला. एक गुडघा टेकवला होता त्याने.

कडेवर आता आठ बेदाणे होते. आठवा अजून ओला होता.

"बस खाली, अरीब," मी म्हटलं. "भावाला माझ्यावाचून पुरलंस आणि मला तारे दाखवत फिरवलंस. जुम्म्याला येतो म्हणून खोटं तू बोललास, ते खरं त्याने केलं. दोघांत माझा कोण, ते आज मला कळलं. आता त्याचं होईपर्यंत थाळ्यावरून कुणी उठायचं नाही."