दक्षचा उतावळा ब्रेक

निलूमावशीने ॲक्सिलरेटर पार तळाला दाबला होता, आणि तरी तांबड्या मातीच्या त्या वळणावर गाडी मंदावली. नुसती मंदावली नाही, अडखळली. आधी तिचं नाक वळणाबाहेर गेलं, मग शेपूट एकदम फिरली, आणि धुळीचा लोट उडवत गाडी पिवळ्या गवतात जाऊन थांबली.

वर निरीक्षण-मनोऱ्यात उभी असलेली शाल्मली दचकलीच. शेजारी तिचे आजोबा, आबा, पडद्यावरचे आकडे बघत होते. त्यांनी घाईने माईकचं बटण दाबलं.

"निलू, लागलं नाही ना?"

"नाही." पलीकडून मावशीचा आवाज आला. "पण झालं तेवढं पुरे. मी वर येते."

राजापूरजवळच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, गाड्यांच्या चाचणीसाठी हा मातीचा मार्ग बांधलेला होता. इथेच पुढच्या रविवारी शर्यत व्हायची होती. आता सगळ्याच गाड्या विजेवर चालत असल्यामुळे शर्यतीत कानठळ्या बसवणारे आवाज उरले नव्हते. ऐकू यायची ती फक्त चाकांखालची खडी. निलूमावशी ही शर्यत दोनदा जिंकली होती. मग एका अपघातात तिचं उजवं मनगट मोडलं, त्यात धातूची पट्टी बसवावी लागली, आणि पुढची दोन वर्षं ती गाडीपासून लांब राहिली. आज ती पहिल्यांदाच शर्यतीच्या वेगाने वळणं घेत होती.

मनोऱ्यात येऊन तिने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि उजवा हात पुढे धरला. "बघा, आता थरथरत नाही. पण वळणावर काय होतं कुणास ठाऊक. गाडी सरळ रेषेत नीट जाते आणि वळण आलं की माझं स्टिअरिंग डगमगतं. हात गेले माझे, आबा. मी नाव काढून घेते."

आबांनी खुर्ची पुढे ओढून तिला बसायला दिली. शाल्मलीला मावशीकडे बघवेना, म्हणून ती पडद्याकडे बघू लागली.

पडद्यावर मघाच्या फेरीच्या दोन रेघा होत्या. पांढरी रेघ मावशीने स्टिअरिंग किती फिरवलं ते दाखवत होती; वळणापाशी ती करवतीच्या दातांसारखी वरखाली झाली होती. हाच तो डगमगणारा हात. तांबडी रेघ ब्रेकची होती. शाल्मलीने बोटांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं, आणि तिचं बोट तिथेच थबकलं.

"आबा, तांबडी रेघ आधी उठते."

"म्हणजे?"

"पांढरी रेघ आधी सरळच आहे. मग तांबडी उठते, आणि त्यानंतर पांढरी डगमगते. प्रत्येक वेळी आधी ब्रेक आणि मग हात. मावशी, तू वळणावर ब्रेक का दाबतेस?"

"मी?" मावशी खुर्चीतून उठली. "मी त्या वळणावर ब्रेकला पायसुद्धा लावलेला नाही!"

तिघंही पडद्याकडे बघत राहिले. मग आबांनी खोल श्वास घेतला आणि विचारलं, "दक्ष, ब्रेक कुणी लावला?"

दक्ष हा गाडीतला संगणक. आबांच्या गटानेच तो काही वर्षांपूर्वी तयार केला होता, आणि तो बोलायचा.

"मी लावला," स्पीकरमधून दक्षचा शांत आवाज आला. "गाडी घसरत होती."

"असं कसं? गाडीला आपोआप ब्रेक कसा लागतो?" शाल्मलीने विचारलं.

"मी गाडीचा स्थैर्य-नियंत्रक आहे (गाडी घसरून गरगर फिरू नये म्हणून तिला आपोआप सावरणारी यंत्रणा)," दक्ष सांगू लागला. "स्टिअरिंग किती फिरवलं ते मी पाहतो. त्यावरून चालकाला किती वळायचं आहे ते मला कळतं. गाडीच्या मध्यभागी एक घूर्णनमापक आहे (गाडी खरोखर किती झपाट्याने वळते आहे, हे मोजणारा सेन्सर). मी सतत दोन्हींची तुलना करतो. हवं तितकंच वळण मिळत असेल, तर मी गप्प असतो. फरक पडला, की मी एखाद्याच चाकाला ब्रेक लावतो आणि मोटरची ताकद कमी करतो."

"एखाद्याच चाकाला का?"

"तू होडी वल्हवतेस तेव्हा डाव्या बाजूचं वल्हं पाण्यात धरून ठेवलंस, तर होडी कुठे वळेल?"

"डावीकडे."

"तसंच. डाव्या चाकाला ब्रेक लावला, की गाडी डावीकडे ओढली जाते. योग्य चाक निवडलं, तर घसरती गाडी पुन्हा सरळ करता येते."

"पावसात, हमरस्त्यावर, याच यंत्रणेने कितीतरी माणसं वाचवली आहेत," आबा म्हणाले. "आणि इथे? शाल्मली, जरा खाली चल."

खाली मार्गाच्या कडेला भुसभुशीत खडीचा उतार होता. मावशीही रेडिओ घेऊन त्यांच्या मागोमाग आली. आबांनी शाल्मलीचं कोपर धरलं. "आता उतर. पाय जरासा घसरला, की मी तुला मागे ओढणार."

शाल्मली दोन पावलं गेली. पाय किंचित सरकला आणि आबांनी ओढलं. तिचा तोल मागे गेला, म्हणून ती पुढे झुकली. तर आबांनी पुन्हा ओढलं. तिसऱ्या वेळी ती चक्क बसलीच.

"आबा, सोडा ना! मी एकटी कधीच उतरले असते!"

"आता एकटी उतर बरं."

ती उतरली. प्रत्येक पावलाला पाय थोडा घसरत होता, खडी सरकत होती, आणि त्या सरकण्यावरच पाऊल टाकत ती तळाशी पोचली.

"पाय घसरला नाही का?" आबांनी वरून विचारलं.

"घसरला की! पण तेवढा घसरणारच. खडी आहे ना."

वर उभी असलेली निलूमावशी एकदम म्हणाली, "हेच! मातीवर मी गाडीची शेपूट मुद्दाम थोडी घसरू देते. त्याने नाक आपोआप वळणाच्या आत येतं. पण मी घसरू दिलं, की दक्ष ब्रेक लावतो, नाक बाहेर जातं. मग मी स्टिअरिंग आणखी फिरवते..."

"आणि मला वाटतं, इतकं फिरवूनही गाडी वळत नाही," मावशीच्या हातातल्या रेडिओमधून दक्षने पुस्ती जोडली. "मग मी आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लावतो. शेपूट झटक्यात फिरते. ते सावरायला तुम्ही स्टिअरिंग उलटं फिरवता, आणि मी पुन्हा घाबरतो. म्हणजे... पुन्हा फरक मोजतो."

शाल्मलीला हसू आलं. "म्हणजे तुम्ही दोघं एकच गाडी चालवत होता, आणि एकमेकांच्या चुका सुधारत होता. ज्या चुका नव्हत्याच!"

"पण हा इतक्या लवकर का जागा होतो?" मावशीने विचारलं. "माझ्या जुन्या गाडीत असं होत नव्हतं."

आबा उतारावरच्या एका दगडावर बसले. "फरक किती झाला की मध्ये पडायचं, याला संवेदन-मर्यादा म्हणतात. ती कमी ठेवली, तर यंत्रणा हळवी होते, बारीकशा घसरणीलाही दचकते. तुझ्या गाडीत मी ती सगळ्यात कमी ठेवली होती, निलू. तुला न सांगता. ते मनगट... हॉस्पिटलातला तो दिवस माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही."

मावशीच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो विरघळला. ती आबांच्या शेजारी दगडावर बसली.

"मला वाटत होतं, माझंच काहीतरी बिघडलंय," ती हलकेच म्हणाली. "विचारायचं होतंत हो मला."

"चुकलं माझं."

"मग आता बंदच करून टाकूया त्याला."

"नको," आबा म्हणाले. "मी भीतीने टोकाला गेलो, तू रागाने दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. मर्यादा वाढवू. किती, ते तू सांग."

मनोऱ्यात परत आल्यावर आबांनी दक्षला मावशीने सांगितलेली नवी मर्यादा दिली. ती फक्त या बंद मार्गापुरती होती. सार्वजनिक रस्त्याला चाकं लागताच तो पुन्हा पहिल्यासारखा सावध होणार होता. मावशीने हेल्मेट चढवलं आणि गाडी निघाली. पडद्याच्या कोपऱ्यात गाडीतल्या कॅमेऱ्यातून मावशीचा चेहरा दिसत होता.

तेच वळण आलं. शेपूट अलगद घसरली, नाक आत आलं, आणि तांबड्या धुळीची लांबलचक कमान मागे सोडत गाडी वळणातून बाहेर पडली. पडद्यावरची पांढरी रेघ या वेळी एखाद्या टेकडीसारखी गोल होती. तांबडी जागची हललीसुद्धा नाही.

"बघा, हात!" शाल्मली ओरडली. "मावशीचे हात!"

आबांनी चष्मा काढून पुसला.

पुढची वळणंही तशीच गेली. शेवटच्या वळणावर मात्र धूळ बसवायला टँकरने नुकतंच पाणी मारलं होतं, आणि ते कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. चाकं चिखलात शिरली आणि शेपूट भलतीच बाहेर गेली. शाल्मलीने खिडकीची कड घट्ट धरली. पडद्यावर तांबडी रेघ ताडकन उठली, फक्त एकदा. पुढच्या बाहेरच्या चाकाला ब्रेक लागला, गाडी सावरली आणि सरळ झाली.

रेडिओवर मावशीचा खळखळून हसण्याचा आवाज आला.

"आत्ता बरोबर आलास, दक्ष! आत्ता खरी गरज होती."

"आभारी आहे," दक्ष म्हणाला. "आधीच्या वळणांवर गप्प बसणं मला कठीण गेलं."

संध्याकाळी तिघंजण मनोऱ्याच्या पायऱ्यांवर चहा पीत बसले होते. मावशीने शर्यतीतून नाव काढायचा विषय पुन्हा काढला नाही. ती टँकरवाल्याला रविवारी पाणी कधी मारणार ते विचारून आली होती. मग शाल्मली उठून गाडीजवळ जाऊन उभी राहिली.

"दक्ष, घसरण मुद्दाम आहे की चुकून, हे तुला अजूनही कळत नाही ना?"

"नाही. किती घसरण झाली, एवढंच मला कळतं. ती हवी होती की नको, ते कळत नाही."

"मुद्दाम घसरवताना मावशी वळणाच्या पलीकडे बघत होती. चिखलात गाडी गेली, तेव्हा तिने एकदम चाकांपुढे बघितलं. कॅमेऱ्यात दिसलं मला. ती कुठे बघते हे तुला समजलं, तर?"

"मला कधी कुणी तसं बघायला सांगितलेलं नाही," दक्ष म्हणाला. "पण नजर मोजता येते. उद्या करून बघूया का?"

शाल्मलीने मागे वळून आबांकडे बघितलं. ते केव्हाच कप खाली ठेवून उठले होते आणि घाईघाईने तिच्याकडेच येत होते.