सतरा जणींचा हिरवा चुडा

त्यानं आधी माझ्या हाताकडं पाहिलं, मग चेहऱ्याकडं.

"वकीलबाई, हात असा मोकळा बरा न्हाय दिसत." वृद्धाश्रमाच्या फाटकात भुरभुर पाऊस होता, त्याच्या मोटारसायकलला बांगड्यांची पेटी बांधलेली.

"बांगड्या वाजल्या की न्यायाधीश चिडतात," मी ठोकून दिलं.

"मग न वाजणाऱ्या देतो की..." त्याचं हसू अर्ध्यातच विझलं. का, ते मी विचारलं नाही. हसू मात्र आवडलं होतं!

महारुद्र, लोहारा गावचा कासार. आणि मी शिवप्रिया, धाराशिवच्या कोर्टातली वकील. विधी सेवा प्राधिकरणाकडून, नियमाप्रमाणे आठ दिवस आधी कळवून आश्रमाच्या तपासणीला आले होते.

आत सतरा म्हाताऱ्या ओळीनं बसलेल्या. सगळ्या विधवा, आणि सगळ्यांच्या मनगटांवर वीतभर हिरवा चुडा. "आम्ही विधवांना मान देतो," व्यवस्थापक म्हणाला. मी भारावलेच. पण एवढ्या बांगड्या, आणि किणकिण म्हणून नाही. मांडीवरचे हात हलतच नव्हते. काही त्रास आहे का, असं मी एकेकीला विचारलं. प्रत्येकीनं त्याच सुरात तेच सांगितलं, "इथं लई सुख हाय." माझ्या अंगावर काटा आला. तरी अहवालात मी लिहिलं, स्तुत्य उपक्रम.

पुढच्या महिन्यात महारुद्र तीनदा कोर्टाच्या फाटकाशी दिसला. धाराशिवात बांगड्या विकायला म्हणे! मीही लांबचा रस्ता असून त्याच फाटकानं जायला लागले.

"मिळालं का गिऱ्हाईक?"

"एकच बघून ठेवलंय... ते हात देईना."

तिसऱ्यांदा मात्र तो हसला नाही. "आश्रमातल्या बांगड्या म्याच भरतो. तपासणीच्या दिशी सकाळी, आन् ती झाली की उतरवून घेतो. खाली दोरीचे वळ असतात, वकीलबाई. म्हाताऱ्या पडतात म्हणून बांधतो, असं साहेब म्हणतात... वर्ष झालं, म्या गप्प हाय."

"वर्ष?" त्याच्याकडं बघवेना. या माणसासाठी मी लांबचा रस्ता धरत होते!

"कासार पाहिलेलं बोलत न्हाय, म्हणून बायका त्याच्या हाती हात देतात. म्या बोललो तर कुणाच्या दारात उभा राहू?"

मी तशीच निघाले. उच्च न्यायालयाच्या खंडपीठात याचिका टाकली: प्रत्येक वृद्धाश्रमाची तपासणी न कळवता व्हावी, आणि तिथल्या माणसांशी एकांतात बोलता यावं, असा नियम करा. आश्रमाच्या वकिलानं उत्तरादाखल माझाच अहवाल जोडला. स्तुत्य उपक्रम, खाली माझी सही. कोर्टानं तो खरा धरला असता, तर सतरा जणी तशाच बांधलेल्या राहिल्या असत्या.

दोन दिवस मी तोंड लपवून हिंडले. मग प्रतिज्ञापत्र केलं: मी फसले, चुकीचं लिहिलं. दुसऱ्या दिवशी कोर्टातून बाहेर आले तर बाकावर महारुद्र, हातात स्वतःचं प्रतिज्ञापत्र.

"तुम्ही चूक कबूल केली म्हणं... मग म्या माझी कशाला लपवू?"

माझा राग ओसरला. खोटं कशाला बोलू, त्याआधीच ओसरायला लागला होता.

नियमाचं सरकारला विचारू, पण हा आश्रम लगेच आणि न कळवता तपासा, असा आदेश झाला. कोर्टाच्या अधिकाऱ्यांबरोबर भर दुपारी मी आणि साक्षीदार म्हणून महारुद्र, असे आत शिरलो. खिडक्या बंद, खोलीत अंधार. ओळीनं खाटा, आणि खाटांना बांधलेली उघडी मनगटं. सतरा जणी टक लावून आमच्याकडं बघत होत्या.

दाराजवळच्या कमलबाईंनी महारुद्रला ओळखलं. दोरी पुरेल तेवढे दोन्ही हात त्यांनी पुढं केले.

"भर बाबा, लवकर. तपासणीवाले येत्याल."

तो गुडघ्यांवर बसला. "आजी... आज बांगड्या न्हायत." त्यानं गाठीला हात घातला, ती सुटेना. मी शेजारी बसले. दोघांनी मिळून ती सोडवली.

"मला तुम्ही आवडता," मी म्हणाले. ही काय बोलायची जागा? पण बोलून गेले.

त्यानं मान वर केली नाही. "गप्प बसलेला माणूस... चालंल?"

"खोटं लिहिणारीला चालेल."

बाकीच्यांच्या दोऱ्या सोडून अधिकाऱ्यांनी व्यवस्थापकाला बाहेर नेलं होतं. कमलबाईंनी मनगट चोळत दाराकडं पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग त्यांचा खरा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"लिव्ह, पोरी. म्या कमलबाई. मला इथं सुख न्हाय."

मी फरशीवरच बसून लिहायला लागले. उजवा हात कागदावर होता, डावा महारुद्रच्या हातात. सतराही जणींचं लिहून होईपर्यंत तो मी सोडवून घेतला नाही.