पाथरघाटावरच्या दोन हाका

सन एकोणीसशे एकतीस. जानेवारीची सोळा तारीख, वार शुक्रवार. पौष वद्य त्रयोदशी. अमावास्या दोन दिवसांवर आलेली. संक्रांतीची यात्रा नुकतीच आटोपली होती आणि नर्मदेच्या दोन्ही तीरांवर हाडे गोठवणारी थंडी पडली होती.

बाबाराव ही हकीकत सांगताना आरंभ नेमका असाच करीत. जबलपूरच्या नेपियर टाउनातल्या घरी रात्रीची जेवणे उरकली, दिव्याची वात खाली केली, की भाचरे त्यांच्याभोवती सरकून बसत.

"मामा, हे खरंच झालं होतं का?" दिवाकर विचारी.

"मी काहून खोटं सांगू? अंबादासदादा माझे सख्खे मावसभाऊ. अन् त्यांना तर खोटं बोलायची सवयच नव्हती. उभ्या जन्मात एकदाच बोलले. त्याचीच ही गोष्ट आहे."

"एकदाच? आमचा दिवाकर तर सकाळपासून चार वेळा बोलून राहिला," वसुधा म्हणे.

"तू चूप बस ना, दीदी!"

"चलो, दोघंही चूप बसा," बाबाराव म्हणत. मग पानाचा तोबरा एका गालात सारून ते पुढे सांगू लागत.

जबलपूरला समुद्र नाही. पण रेल्वे येण्यापूर्वी जबलपूरला बंदर होते, असे जुनी माणसे म्हणत. ते बंदर म्हणजे पाथरघाट. दक्षिणेकडून येणारे तांदूळ, लाख, मोहाची फुले, तंबाखू, सारे काही बैलगाड्यांनी नर्मदेच्या पैलतीराला येई. दोन नावा जोडून त्यांवर फळ्या ठोकलेल्या असत. त्या जोडनावेवर बैलांसकट गाडी चढे आणि ऐलतीराला उतरे. हंगामात पैलतीरी दोन-दोनशे गाड्या खोळंबून राहत. पुढे गोंदियाची लहान रेल्वे झाली, माल तिच्या डब्यांत गेला आणि घाट ओस पडला. उरली ती एक नाव, पलीकडच्या दहा-बारा खेड्यांची माणसे, चार केवट म्हणजे नावाडी, आणि उताऱ्याचा हिशेब ठेवणारा एक मुन्शी.

तो मुन्शी म्हणजे अंबादासपंत. माणूस सरळ, मितभाषी आणि नियमाला पक्का. घाटावरच्या चौकीत ते एकटे राहत; रविवारी तेवढे शहरात घरी जात.

घाटाचा एक नियम फार जुना होता. दिवेलागणीनंतर पैलतीराहून हाक आली, तर एका हाकेला नाव सोडायची नाही. दोन हाकांनाही नाही. तिसरी आली तरच सोडायची. कारण सर्वांना ठाऊक होते. जिवंत माणूस गरजू असतो, तो तीनदा हाक मारतो; जे जिवंत नाही, त्याला तिसरी हाक मारता येत नाही. पहिल्या हाकेला ओ देऊन गेलेले दोन केवट परत आले नाहीत, असे सांगत. अंबादासपंत शिकलेले होते. भुताखेतांवर आपला विश्वास नाही असे ते म्हणत. पण नियम मात्र पाळीत.

त्या शुक्रवारी ते शहरात गेले होते, ते कंदिलाची काच आणायला. यात्रेच्या गर्दीत घाटावरच्या खांबाचा कंदील फुटला होता. काच घेऊन ते टांग्याने तिन्हीसांजेला परतले. काच बसवली. कंदील पेटवून खांबावर चढवला. तो पैलतीरावरून स्पष्ट दिसे. तो दिसला की नाव आहे, माणूस जागा आहे, असे पलीकडच्याने समजावे.

केवट यात्रेचे तीन दिवस वल्ही मारून थकलेले. त्यांतला वडीलधारा नथ्थू चौकीपासून तीस हातांवरच्या आपल्या झोपडीत निजला होता.

"मुंसी जी, कुछ हो तो जगा लेना," निजण्यापूर्वी तो म्हणाला होता.

"अरे, आता कोण येतं? सो जा."

नऊ वाजून वीस मिनिटांनी पहिली हाक आली. अंबादासपंतांनी घड्याळ पाहिले होते, म्हणून वेळ नक्की. बाईचा आवाज. पाण्यावरून लांबत आलेला.

"नाव लाओ होऽऽ..."

ते घोंगडीत उठून बसले. थांबले. थोड्या वेळाने दुसरी हाक आली. पहिलीपेक्षा बारीक. तिच्यातले शब्द कळले नाहीत, असे पुढे कितीतरी दिवस ते स्वतःला सांगत राहिले.

मग ते तिसरीची वाट पाहू लागले. पाच मिनिटे. दहा मिनिटे. तिसरी आली नाही.

नियम पुरा झाला होता. त्यांनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.

सकाळी पहिली नाव पैलतीराला लागली, तेव्हा खडकाला टेकून बसलेली एक बाई नथ्थूला दिसली. जवळ गाठोडे. पदर घट्ट लपेटलेला. अंग दगडासारखे गार. ती त्याची अंजनी होती. एकुलती एक लेक, त्याला 'बाबू' म्हणणारी. पलीकडच्या गावी दिलेली, सातवा महिना लागलेली. माहेरी यायला निघाली होती. गाडीवानाने तिन्हीसांज टळल्यावर तिला काठावर उतरवले होते. घाटावरचा कंदील दिसत होता, बाप नाववाला होता. काळजी कसली, असे म्हणून तो गाडी वळवून निघून गेला होता. रात्री तिला कळा लागल्या असाव्यात. ती गेली, पोटातल्या लेकरासह गेली.

नथ्थू नाव घेऊन परत आला. लेकीला त्याने फळीवर निजवले होते. तो पायऱ्या चढून चौकीपाशी आला आणि त्याने एकच प्रश्न विचारला.

"मुंसी जी, रात में कोई हाँक आई थी?"

अंबादासपंत सरळ माणूस. दोन हाका आल्या, नियमाप्रमाणे मी नाव सोडली नाही, एवढे सांगितले असते तर घाटावर कोणी त्यांना बोल लावला नसता. पण त्यांनी त्या बापाच्या तोंडाकडे पाहिले, आणि...

"नहीं," ते म्हणाले.

तेवढा एकच शब्द.

त्या दिवसापासून नथ्थू खचला. लेक गेली याहूनही एक गोष्ट त्याच्या काळजाला टोचत राहिली. नाव वल्हवताना तो मध्येच थांबे आणि उतारूंना विचारी, "बाप तीस हाथ पे सोया था, भैया. एक हाँक नहीं दी उसने. क्यों नहीं दी? मुझसे कुछ रूठी थी क्या?" उतारू मान खाली घालत. अंबादासपंतही.

माघ वद्य त्रयोदशीला, नऊ वाजून वीस मिनिटांनी, पैलतीराहून हाक आली.

नंतर दुसरी. मग काही नाही.

फाल्गुनात तेच, चैत्रातही तेच. आषाढात नर्मदा दोन्ही काठ सोडून धावत होती. तिच्या घोंगावण्यापुढे शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नव्हते. पण हाका आल्या. अगदी लख्ख आल्या. नथ्थू अंबादासपंतांच्या शेजारी चिलीम ओढीत बसला होता. त्याने मानही वर केली नाही.

अंबादासपंत रविवारी घरी गेले, की बायको ताटाशी बसून विचारी, "तुम्ही काहून जेवत नाही? अंगात काही मुरलं आहे का? कोणाला दाखवा तरी."

"काही नाही. बरा आहे मी."

"मामा, मग त्यांनी नोकरी काहून नाही सोडली?" वसुधा इथे हटकून विचारी.

बाबाराव दिव्याची वात आणखी खाली करीत. "मीही विचारलं होतं. तर म्हणाले, बाबाराव, मी गेलो तर तिची हाक ऐकायला तिथं कोण राहील?"

यानंतर भाचरे एकमेकांना बिलगून बसत.

त्या वर्षी आषाढ अधिक पडला होता. म्हणून पौष वद्य त्रयोदशी जानेवारीत न येता फेब्रुवारीच्या चार तारखेला आली. सन एकोणीसशे बत्तीस, वार गुरुवार. त्या पहिल्या रात्रीनंतर तोवर बारा वेळा हाका येऊन गेल्या होत्या. ही तेरावी खेप.

नऊ वाजून वीस मिनिटे.

पहिली हाक आली.

अंबादासपंत उठून उभे राहिले.

दुसरी आली.

या वेळी ते तिसरीसाठी थांबले नाहीत. कंदील उतरवला. नथ्थूच्या झोपडीशी गेले. दार वाजवले.

"नथ्थू, उठ. उस पार कोई है."

नथ्थू डोळे चोळीत बाहेर आला. "मैंने तो नहीं सुना. तीन बार आई?"

"नहीं. दो बार."

"फिर?"

"फिर भी चल."

नथ्थूने कंदिलाच्या उजेडात त्यांचा चेहरा पाहिला. वल्हे उचलले.

नाव निघाली. वारा नव्हता. पाणी काळे, तेलासारखे. वल्ह्याचा आवाज... मग ठिबकणारे थेंब... मग पुन्हा वल्हे.

पैलतीर आला. वाळू. खडक. कोणी नव्हते.

"कोई है?" नथ्थूने विचारले.

उत्तर नाही.

कंदील उंच धरला. वाळूवर पाऊल नाही. पान हलत नव्हते.

आणि नाव झुकली.

पुढच्या अंगाला. चार बोटे. कोणी चढताना झुकते तशी.

उतारू चढू लागला की पुढे होऊन त्याला हात द्यायचा, ही नथ्थूची तीस वर्षांची सवय. त्याचा हात आपोआप पुढे गेला. अंधारात तसाच राहिला. मग त्याने तो हळूच मागे घेतला... तळवा उघडून पाहिला... आणि मूठ मिटली.

त्याने वल्ह्याने नाव काठापासून ढकलली.

नाव वळली. ती जड झाली होती. वल्हे सावकाश पडत होते. दोघांचीही पाठ ताठ. पुढच्या फळीकडे कोणी पाहिले नाही.

मध्यधार आली.

"नथ्थू..."

"जी."

"हाँक आई थी. उस रात."

वल्हे पाण्यात गेले. बाहेर आले नाही. नाव प्रवाहाला लागली.

"मैंने सुनी थी. तुझे नहीं जगाया. फिर... तूने पूछा, और मैं झूठ बोला."

नाव धारेबरोबर आडवी झाली.

"क्या बोली थी?" नथ्थूने विचारले. आवाज अगदी शांत.

"पहली बार बोली, नाव लाओ."

"और दूसरी बार?"

अंबादासपंतांनी कंदील खाली ठेवला. वर्षभर स्वतःलाही सांगितले नव्हते ते. शब्द कळले होते. त्याच रात्री कळले होते. चार केवटांपैकी एकाचीच लेक पलीकडे दिलेली आहे, हेही ठाऊक होते. थंडी होती. घोंगडी गरम होती. नियमाने सोय करून दिली होती.

"दूसरी बार... बाबू बोली थी. बाबू हो..."

नथ्थूने मान खाली घातली. खांदे हलू लागले. आवाज नाही.

"तो बुलाया था मुझे," तो म्हणाला. मग पुन्हा, कोणाला तरी सांगितल्यासारखे, "बुलाया था."

त्याने वल्हे उचलले.

ऐलतीराला नाव लागली. नथ्थू आधी उतरला. अंबादासपंतांकडे त्याने पाहिले नाही. पुढच्या अंगाशी गेला. हात पुढे केला. थांबला. अवघडलेल्या बाईला उतरायला जितका वेळ लागतो, तितका थांबला.

नाव काही वर आली नाही; पुढच्या अंगाला झुकलेलीच राहिली.

"अच्छा," तो हलकेच म्हणाला. "सुस्ता ले, बिटिया. घर आ गए." आणि तो झोपडीकडे निघून गेला.

अंबादासपंतांनी नावेचा दोर स्वतःच्या हातांनी बांधला, आयुष्यात पहिल्यांदाच. चौकीत जाण्याचा धीर झाला नाही. वरच्या पायरीवर कंदील ठेवून ते बसून राहिले. रात्रभर डोळा लागला नाही. नावेजवळ कोणी गेले नाही, कोणी आले नाही, हे त्यांनी पुढे शपथेवर सांगितले. दव मात्र अपार पडले. त्यांचा कोट, पागोटे, पायरीचा दगड, सारे निथळत होते.

झुंजुमुंजू झाले तसा नथ्थू आला. अंबादासपंत उठले. त्यांनी दोन्ही हात जोडले.

"रहने दो, मुंसी जी," नथ्थू म्हणाला. "माफी मत माँगना. माँगोगे तो देनी पड़ेगी. और वो मुझसे होगा नहीं. आप बस घाट छोड़ दो."

"छोड़ दिया," अंबादासपंत म्हणाले. रात्री पायरीवर बसून टिपणवहीच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला राजीनामा त्यांनी खिशातून काढून त्याला दाखवला. नथ्थूला वाचता येत नव्हते. पण त्याने मान हलवली. वर्षभराचे ते प्रकरण त्या दोघांत तेवढ्यावर मिटले.

मग नाव सोडण्यासाठी नथ्थू खाली उतरला आणि दोर हातात घेऊन तसाच उभा राहिला. तो हलेना, म्हणून अंबादासपंत चार पायऱ्या उतरून त्याच्या मागे जाऊन उभे राहिले.

दिवस होता शुक्रवार, पाच फेब्रुवारी एकोणीसशे बत्तीस. सूर्य अजून वर आला नव्हता. सारी नाव दवाने न्हाली होती. काठ, तळ, वल्ही, मागची फळी, कुठेही बोट टेकले तर पाणी लागावे. फक्त पुढच्या फळीवर दोन जागा कोरड्या होत्या. एक, बसलेल्या बाईएवढी. आणि तिच्या कुशीला लागून दुसरी, ओंजळीएवढी.