सोबतीचा खडा

बोटीवरून घरी येऊन चार दिवस झाले, तरी मधुकररावांच्या पायाखालची फरशी काही जाग्यावर येईना. पलंगावरून उतरलं की घर एका अंगाला कलायचं आणि दोन पावलं टाकली की दुसऱ्या अंगाला. डॉक्टर म्हणाले, होतं असं, आठवड्याभरात जाईल. मधुकररावांना ते पटलं. हिंगण्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर म्हणून नट, बोल्ट आणि बेअरिंगं मोजलेला माणूस. भलत्यासलत्या शंका घेणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांना फक्त थकवा आला होता. इतका, की चप्पल पायात सरकवण्याआधीसुद्धा ते दोन मिनिटं तिच्याकडे बघत बसायचे.

आणि नेमका आताच त्यांना पुन्हा प्रवासाचा बेत आखायचा होता.

डिसेंबरातलं सकाळी अकराचं ऊन जेवणाच्या टेबलावर आलं होतं. वाडी गावातलं त्यांचं घर अमरावती रोडच्या मागच्याच गल्लीत. दिवसभर ट्रक गोदामांकडे वळत आणि प्रत्येक ट्रकसरशी पेल्यातलं पाणी थरथरे. मधुकररावांनी पट्टीनं आखलेला कागद पुढे ओढला. वाडी ते कोंढाळी, तिथं चहा. अमरावतीला जेवण. परतवाड्याला पेट्रोल, मग घाट, मग चिखलदरा. पहिला दिवस, संध्याकाळी पाच: दरीवरचा पॉइंट. थांबा पंधरा मिनिटं.

हट्ट नूपुरचा होता. त्यांची एकुलती एक लेक, वय सत्तावीस. अठ्ठावीस तारखेला नोकरीसाठी आयर्लंडला चालली होती. मुंबई ते गोवा ही बोटीची सहल तिनंच आईबापांना घडवली आणि घरी आल्या आल्या म्हणाली, "बाबा, बोट दुसऱ्यानं चालवली. आता गाडी तुम्ही चालवा. मी अन् आई मागं बसतो." मधुकररावांनी बायकोपोरीला जन्मभर एसटीनंच फिरवलं. कंपनीची जीप ते चालवत, पण घरची गाडी कधी झाली नाही. आता भाड्याची का होईना, तीन दिवस गाडी दारात येणार होती. लेकीला एकदा आपल्या हातानं कुठंतरी न्यायचं, मग ती जाईल तिकडं सुखानं जावो. अंग कितीही मोडून आलं तरी एवढं त्यांना करायचंच होतं.

"अजी," कामिनीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "तो खडा कुठी आहे?"

मधुकररावांची पट्टी कागदावर थांबली.

कामिनीबाईंचं माहेर कुहीकडचं. तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये, तीन तिगाडा काम बिगाडा, हे त्यांना पाढ्यांच्याही आधी पाठ. तिघंच असले तर दारातला एक खडा उचलायचा, त्याला कुंकू लावायचं, 'तू आमचा चौथा' म्हणायचं आणि सोबत न्यायचा. परत आलं की जिथून उचलला तिथंच ठेवायचा. जेवढे गेले तेवढे घरी आले पाहिजेत. बोटीला निघताना फाटकाजवळच्या कडुलिंबाखालून त्यांनी असाच एक काळसर खडा उचलला होता, आणि मधुकरराव म्हणाले होते, "दे इकडं. माझ्या खिशात राहू दे."

राहू कुठला द्यायला! पहिल्याच दिवशी बोटीवर जेवताना कामिनीबाईंनी तो मागून घेतला आणि टेबलावरच्या अनोळखी लोकांदेखत त्याच्यापुढं भाताची चार शितं ठेवली. मधुकररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी मायलेकी केबिनमध्ये पडल्या असताना ते डेकवर एकटेच उभे होते. खडा मांडीला टोचत होता. त्यांनी तो काढला आणि कठड्यावरून सोडून दिला. एवढ्या उंचीवरून आवाजसुद्धा आला नाही. केबिन आवरणारा माणूस रोज संध्याकाळी पलंगावर टॉवेलचे हत्ती करून ठेवायचा. आदल्या दिवशी तीन हत्ती होते. त्या दिवशी चार निघाले.

"बॅगेत असंल," मधुकरराव म्हणाले. "पाहतो."

स्टोअरमध्ये एखादं बेअरिंग कमी भरलं, की त्याच मापाचं दुसरं खणात ठेवून मेळ घालायचा आणि तपासणीवाल्याला चहा पाजायचा, ही त्यांची जुनी रीत होती. त्यानं कधी कोणाचं काही बिघडलं नाही. ते मागच्या दारानं बाहेर पडले, गल्लीच्या तोंडाशी पडलेल्या गिट्टीतून एक काळसर खडा निवडला, पायजम्याला पुसला आणि बायकोच्या हातावर ठेवला.

कामिनीबाईंनी तो तोलून पाहिला. "हलका लागून राहिला."

"खाऱ्या हवेनं झिजते दगड."

"पाच दिवसांत?"

मधुकररावांनी कागदात डोकं घातलं. कामिनीबाईंनी खडा कडुलिंबाखाली ठेवला आणि हात जोडले.

दुपारी गाडीवाला सुशील कागदपत्रं घेऊन आला. गोदामामागच्या पटांगणात त्याच्या भाड्याच्या सहा-सात गाड्या उभ्या असायच्या. शब्दाचा पक्का माणूस. त्यानं लायसनचा फोटो काढला आणि फॉर्म भरायला घेतला.

"चार जण लिहू ना काका?"

"तीन. मी, तुझी काकू अन् नूपुर."

"मंग ते..." सुशीलनं बैठकीच्या खोलीकडं हात केला. मग हात खाली घेतला. "नाई, मले वाटलं कोनी पाहुने आले." जाताना तो चहाला थांबला नाही. एरवी दोनदा मागून पिणारा गडी.

बैठकीत कोणी नव्हतं. कोपऱ्यातल्या खुर्चीची गादी मात्र दबलेली होती आणि ओली होती. मधुकररावांनी बोट लावून वास घेतला. बोटीच्या कठड्याला यायचा तोच वास. डिसेंबरात कूलर बंद, वरच्या टाकीचा पाइप खोलीच्या दुसऱ्या टोकाला. त्यांनी पाइप तरीही तपासून घेतला. कोरडा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामिनीबाईंनी ट्रेमध्ये चहाचे चार कप आणले.

"चौथा कोणाचा?"

कामिनीबाई ट्रेकडं बघत राहिल्या. "हातानं मांडल्या गेला. राहू द्या, कोणी तरी घेईन."

कोणीतरी घेतला. मधुकररावांनी पेपरचं एक पान उलटेपर्यंत चौथा कप रिकामा होता आणि बशीत पांढरट खाराचं एक कडं उमटलं होतं. त्यांना विचारावंसं वाटलं. पण विचारायचं म्हणजे खड्याची गोष्ट सांगावी लागणार, आणि तेवढं बोलायचं त्राण अंगात नव्हतं. उद्या बोलू, असं म्हणून ते पडून राहिले.

त्याच दिवशी ते आंघोळ करत असताना बैठकीतून नूपुरचं हसणं ऐकू आलं. "काय बाबा तुम्ही पण," ती म्हणत होती. मधुकरराव ओल्या डोक्यानंच बाहेर आले. नूपुर एकटी होती, कोपऱ्यातल्या खुर्चीकडं तोंड करून बसलेली.

"कोणाशी बोलून राहिली पोरी?"

नूपुरनं त्यांच्याकडं पाहिलं. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस कुठंतरी पाहिल्यासारखा वाटावा, तसं पाहिलं. मग म्हणाली, "तुमच्याशीच तं."

आता मात्र मधुकरराव घाबरले. लपवालपवी पुरे, असं त्यांनी ठरवलं. कामिनीबाई अंगणात उन्हात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. शेजारी बैठकीतली ती खुर्ची कोणीतरी वाळायला आणून ठेवली होती. मधुकरराव पायरीवर बसले.

"कामिनी, ऐक वं. तो खडा मी समुद्रात टाकला. झाडाखाली ठेवला तो गिट्टीतला आहे. माझं चुकलं."

शेंगा सोलणारे हात थांबले नाहीत. चार-पाच शेंगा झाल्यावर कामिनीबाईंनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर लग्नाच्या पहिल्या वर्षातली माया होती. त्या मधुकररावांकडं बघत नव्हत्या. त्या खुर्चीकडं बघत होत्या.

"सांगितलं ना तुम्ही सकाळीच," त्या खुर्चीला म्हणाल्या. "काहून मनाला लावून घेता? घरी आले ना तुम्ही. बस झालं."

मधुकरराव बराच वेळ तिथंच बसून होते. कोणी त्यांना आत या म्हटलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मात्र ट्रेमध्ये तीनच कप आले. मधुकररावांनी मोजले. पुन्हा मोजले. तीन. दारात सुशील आला होता, तोही म्हणाला, "तीन जण लिहिले हो काकू, सकाळी सहाले गाडी आनतो." मधुकररावांना हायसं वाटलं. मेळ बसला. दुखणं बोटीचंच होतं, बोटीसारखंच ओसरलं. फरशीसुद्धा आज हलत नव्हती. त्यांनी कपाकडं हात नेला.

कामिनीबाईंनी एक कप घेतला. नूपुरनं एक घेतला. तिसरा कप त्यांचा हात पोचण्याआधीच रिकामा झाला होता.

"कामिनी, मले चहा?"

कामिनीबाईंनी ट्रे उचलला आणि त्या आत गेल्या.

मधुकररावांनी पुन्हा हाक मारली नाही. ते दमले होते. सकाळी लवकर उठायचं होतं.

ते पाचला उठले. आंघोळ केली. कपाटाच्या खणात लायसन नव्हतं. खुंटीवर तपकिरी स्वेटर नव्हता. मनगटावर घड्याळ आहे असं त्यांना वाटत होतं, ते नव्हतं. बाहेर हॉर्न वाजला.

ते दारापर्यंत आले. गाडी फाटकाशी उभी होती, इंजिन चालू. मागच्या सीटवर नूपुर बसली होती, लहानपणी बसायची तशी मांडी घालून.

पुढे स्टीअरिंगवर कोणीतरी बसलेलं होतं. पाठ दिसत होती. खिडकीतून कोपर बाहेर आलेलं, तपकिरी स्वेटरचं.

"नूपुर," मधुकररावांनी हाक मारली.

नूपुर हसत पुढं वाकली. "बाबा, हळू चालवा हं. घाई नाही आपल्याला."

त्यांना धावत जायचं होतं. एवढं एकच त्यांनी मागितलं होतं, तीन दिवस, एक गाडी, मागं बसलेली लेक. पाय उचलत नव्हते. पाय जड नव्हते. नुसते जागचे हलत नव्हते.

"थांबा जी," कामिनीबाई म्हणाल्या. "तिघं हो आपण."

त्या कडुलिंबाखाली वाकल्या. गिट्टीतला काळसर खडा उचलला. पदराच्या टोकाला बांधलेल्या पुडीतून चिमूटभर कुंकू घेऊन थुंकीनं ओलं केलं.

"तू आमचा चौथा," त्या म्हणाल्या, आणि खड्याला बोट लावलं.

मधुकररावांच्या कपाळाला थंड, ओलं काहीतरी लागलं. त्यांनी हात लावून पाहिला. बोटाला कुंकू होतं.

"दे इकडं," गाडीतून आवाज आला. मधुकररावांचाच आवाज, फक्त अजिबात न दमलेला. "माझ्या खिशात राहू दे."

टेबलावर बेताचा कागद तसाच पडला होता. पहिला दिवस, संध्याकाळी पाच: दरीवरचा पॉइंट. थांबा पंधरा मिनिटं.