दात नसलेली किल्ली

माझं वय आता पंच्याहत्तर आहे. या वयात खोटं बोलून मला काही मिळायचं नाही. जे झालं तेच लिहितोय. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

साल १९७३. मे महिना. गाव कोल्हार, नगर-मनमाड रस्त्यावरचं.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही भर दुपारी घडली.

घरात आम्ही तिघं. मी मच्छिंद्र, माझा थोरला भाऊ कानिफनाथ, ज्याला मी दादा म्हणायचो, आणि दादाची बायको बनुवहिनी. दुष्काळानं शेत पडून होतं. दुष्काळी कामांवरच्या साहेब लोकांना फिरवायला गाडी लागते, हे कळल्यावर दादानं श्रीगोंद्याकडून एक जुनी जीप आणली. घर त्या जीपवरच चालायचं.

आणायला आम्ही दोघं गेलो होतो. जीपची किल्ली डॅशबोर्डवरच्या, गाडी चालू करायच्या कुलपातच होती. फिरायची, पण बाहेर निघायची नाही. गाडी विकणारा माणूस घाईत होता. कागद दिले आणि आत गेला. दाराआड एक म्हातारी उभी होती. ती हळूच म्हणाली, "किल्ली काढाया जाऊ नका. अडकलीय ती... अडकू द्या."

दादा हसला. मी हसलो नाही.

पहिले पंधरा दिवस बरे गेले.

मग एके दिवशी सकाळी दादानं बॉनेटवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

बॉनेट गरम होतं.

मीटरवरचा मैलाचा आकडा रात्रीत अठरानं वाढला होता.

दुसऱ्या दिवशी परत अठरा. तिसऱ्या दिवशी परत अठरा... एक कमी नाही, एक जास्त नाही.

घरात गाडी फक्त दोघांना येत होती. दादाला आणि मला. आणि किल्ली तर कायमची कुलपातच.

दादा जेवताना नुसता माझ्याकडं बघायचा. पाचव्या दिवशी बोलला.

"कुठं जातो रे गाडी घेऊन?"

"मी? मी न्हाई नेत, दादा."

"मंग गाडी काय पायानं चालत जाती व्हय?"

"अरे, चालू झाल्याचा आवाज तरी आला का कुणाला?"

"ढकलत रस्त्यावर न्यायची अन् तिथं चालू करायची. मला काय कळत न्हाई?"

खरं सांगू? माझाही त्याच्यावर संशय होता. मला वाटायचं, हाच कुठंतरी जातो आणि आळ माझ्यावर घेतो. वहिनीला हे सांगावं का, असंही मनात आलं होतं.

एका घरात दोन सख्खे भाऊ, आणि दोघं एकमेकांवर नजर ठेवून. पंधरा दिवस असे गेले.

शेवटी दादा म्हणाला, "ते कुलूपच काढून टाकतो. मग बघू कोन नेतो ते."

बोलताना तो माझ्याकडंच बघत होता.

आमच्या गल्लीच्या टोकाला बाबाजान चाचांचं दुकान होतं. कुलपं, कंदील, स्टोव्ह, सगळं दुरुस्त करायचे. साठीचे होते. हात एकदम स्थिर. त्यांना दादानं बोलावून आणलं.

वेळ साडेबाराची. अंगणात जीप उभी. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. दादा ओसरीत बसला होता. वहिनी आत भाकरी करत होती.

चाचांनी आधी बॅटरीची वायर सोडवली. कुलपाच्या तोंडावर बारीक भोक होतं. त्यात सायकलचा स्पोक घालून आतली खीळ दाबायची आणि किल्लीसकट कुलपाचा गाभा ओढून काढायचा, एवढंच काम होतं. पण गाभा हलेना. रॉकेल सोडलं. मुठीनं ठोकलं. नाहीच.

"मागून वायरी सोडाव्या लागतील," चाचा म्हणाले आणि बाजूच्या सीटवरून आत वाकून डोकं डॅशबोर्डखाली घातलं.

खाली अंधार. म्हणून मी जीपच्या पलीकडच्या बाजूला उभा राहून दाढीच्या आरशानं उन्हाचा कवडसा त्यांच्या हातावर पाडत होतो. जीपला ताडपत्रीचं छप्पर होतं. त्यामुळं ओसरीतून मी दिसत नव्हतो. हे लक्षात ठेवा.

थोडा वेळ काही नाही. नुसता पान्याचा आवाज.

मग चाचा आतूनच म्हणाले, "मच्छिंद्र, पाय काढ जरा."

मला कळलं नाही. "काय म्हनला, चाचा?"

"क्लचवरचा पाय काढ. माझ्या कानाला लागतोय."

मी जागेवरच उभा. हातात आरसा.

"चाचा... मी भाईर हाय."

पान्याचा आवाज थांबला.

तेवढ्यात ओसरीतून दादा ओरडला, "मच्छिंद्र! उतर की खाली! म्हातारा माणूस काम करतोय अन् तू काय सीटवर बसलाय?"

मी सीटकडं बघितलं.

सीट रिकामी होती.

पण क्लच दाबलेला होता. पूर्ण खाली. माझ्या डोळ्यांसमोर... तो हळूहळू वर आला. कुणीतरी सावकाश पाय उचलावा तसा.

मी जीपला वळसा घालून पुढं आलो. मला त्या बाजूनं येताना बघून दादा उभाच राहिला. एकदा माझ्याकडं, एकदा सीटकडं. त्याचं तोंड उघडंच होतं.

वहिनीच्या भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला होता. कधी, ते मला सांगता येणार नाही.

चाचा बाहेर आले. चेहरा पांढराफटक. किल्ली धरली आणि ओढली.

मघाशी ठोकून न हललेला गाभा अलगद हातात आला.

आणि किल्ली त्यातून आपोआप घसरून चाचांच्या तळहातावर पडली.

चाचांनी ती उलटसुलट करून बघितली. मग दादाकडं धरली.

किल्लीला दात नव्हते. एकही नाही. नुसती गुळगुळीत पट्टी.

"कानिफनाथ," चाचा म्हणाले, "हिनं कुठलंच कुलूप फिरायचं न्हाई. तू महिनाभर गाडी कशी चालवली?"

पुढं मी एका मेकॅनिकला हे विचारलं होतं. तो म्हणाला, कुलूप झिजलेलं असलं तर तसल्या किल्लीनंही फिरतं. असेल. मी त्याच्याशी वाद घातला नाही.

गाभा आणि किल्ली चाचा घेऊन गेले. बॅटरी आम्ही उचलून घरात ठेवली. डॅशबोर्डला नुसतं भोक राहिलं. दादाचा संशय एकदाचा फिटावा म्हणून त्या रात्री मी घरी झोपलोच नाही. चाचांच्या दुकानाच्या ओट्यावर, त्यांच्या शेजारी झोपलो. साक्षीला माणूस हवा म्हणून.

सकाळी घरी आलो. दादा जीपपाशी उभा होता.

बॉनेट गरम. आकडा अठरानं वाढलेला.

दादानं मला एवढंच विचारलं, "कशी नेली?"

चाचांनी शपथेवर सांगितलं की पोरगा जागचा हलला नाही. दादा म्हणाला, तुम्ही दोघं मिळालेले आहात. आदल्या दुपारी सीटवर जे बघितलं त्याबद्दल तो कधीच बोलला नाही. माणसाला भुतापेक्षा भावावर संशय घेणं सोपं जातं, हे मला तेव्हा कळलं.

मी नगरला निघून गेलो. तिथंच नोकरी, तिथंच संसार. जीप दादानं भंगारात घातली. आम्ही लग्नकार्यात भेटायचो, पण त्यात राम नव्हता. पुढं चाचा गेले. नंतर दादाही गेला.

दोन वर्षांपूर्वी मी कोल्हारला गेलो होतो. वहिनी ऐंशीच्या घरात, पण डोकं लख्ख. बोलता बोलता मी म्हणालो, "वहिनी, आता तरी सांगा. तुमचाबी माझ्यावर संशय हुता का?"

वहिनी म्हणाली, "संशय कशाचा, भाऊजी? मी सोता बघितलं की तुमाला."

"कधी?"

"कुलूप काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. पहाटं पाण्याला निघाले अन् तुमी जीप घेऊन अंगणात आले. आवाज न्हाई, काय न्हाई. चुलीपाशी बसून गुळाचा च्या पेला. लई वेळ बोलत बसले."

त्या पहाटे मी चाचांच्या ओट्यावर होतो.

"ह्यांना मी कधीच बोलले न्हाई," वहिनी म्हणाली. "घर तुटंल म्हनून."

मी कसंबसं विचारलं, "वहिनी... मी काय बोललो तवा?"

वहिनीनं नाही म्हणून मान हलवली.

"ते न्हाई सांगायची. तुमीच शब्द घेतला हुता माझ्याकडून."

"कसला शब्द?"

"म्हनले, वहिनी, म्हातारपनी मी येईन अन् हेच इचारीन. तवा मला सांगू नका."

मी त्यानंतर तिला पुन्हा विचारलेलं नाही.