रिकाम्या खुर्चीचा अर्थ

औषध-सतर्कता केंद्रात संगणकासाठी नवा धारावाचक निवडायचा होता. त्यासाठी जमलेल्या समितीत रोज सूचना वाचणारी व्यक्ती एकच होती. बाकीच्यांकडे फक्त मतं होती.

प्रत्येक औषध-कारखाना आपल्या सूचना एका सूचनाधारेत सोडत असे: अमुक बॅच सदोष आहे, वापर थांबवा. टेबलावरच्या संगणकातला धारावाचक त्या सगळ्या धारांकडे जाऊन नवं ते उचलून आणी आणि आलेल्या क्रमाने मांडी. ते वाचून सुलक्षणा खोत शीतगृहातली बॅच अडवत. अडवली नाही, तर ती जिल्ह्यातल्या कुणाच्या तरी शिरेत जाई.

"तुमचा जुना वाचक म्हणजे रद्दीवाला आहे, खोतबाई," संचालक डॉ. रेगे म्हणाले. "येईल ते गोळा करतो."

"तेवढंच त्याचं काम आहे, सर."

कंपनीचा अभियंता तय्यब मुकादम नव्या वाचकाची ओळख करून देत होता. "यात लक्षमापक आहे. पडद्यावरचा कॅमेरा तुमच्या डोळ्यांकडे बघतो. ज्या मजकुरावर तुम्ही रेंगाळता, तसा मजकूर वर येतो. जो बघून तुम्ही दूर होता, तो खाली जातो. पुढे पुढे तो आणलाच जात नाही."

"म्हणजे मला काय हवं ते त्याला कळतं!" रेगे खूश झाले.

"सदोष औषधाची बातमी कुणालाच हवी नसते, सर. ती लागते."

"प्रत्येक सुधारणेला आडवं यायलाच हवं का तुम्ही? बरं, तुमच्याच डोळ्यांकडून शिकवू त्याला. मग तर झालं?"

एका सदस्याला नव्या वाचकाचा रंग आवडला होता. दुसऱ्याने तो शेजारच्या जिल्ह्यात पाहिला होता. चहा येण्याआधी निवड पक्की झाली.

काही आठवडे पडदा शांत होत गेला. मग सदोष बॅचची एकही सूचना येईना. आपल्या कारकिर्दीत औषधांची शुद्धता वाढल्याचं रेग्यांनी एका मुलाखतीत सांगितलं. ती फोटोसह छापून आली आणि केंद्राच्या स्वतःच्या बातमीधारेतही झळकली. मंत्रीही येऊन पाठ थोपटून गेले. कारखान्यांना अचानक सदाचार कुठून सुचला, हे कुणीच विचारलं नाही. खोतबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना रजा घ्यायचा सल्ला मिळाला.

मग डोंगरातल्या एका रुग्णालयातून डॉ. गावितांचा फोन आला. "मॅडम, ही भुलीची बॅच कारखान्याने गेल्या आठवड्यातच परत बोलावलीय. माझी बाळंतीण व्हेंटिलेटरवर आहे. तुम्ही वाचता तरी का?"

खोतबाईंनी मुकादमला बोलावून घेतलं.

"सूचना आली की तुम्ही नेमकं काय करता?" त्याने विचारलं.

"काय करणार? शीर्षक बघते आणि शीतगृहाकडे पळते."

मुकादमने त्यांच्या खुर्चीकडे पाहिलं. "आणि कॅमेऱ्याला रिकामी खुर्ची दिसते. यंत्राच्या लेखी ही बातमी वाचकाला हुसकावून लावणारी ठरली. सूचना जितकी गंभीर, तितक्या तुम्ही लवकर उठलात. तितकी ती लवकर बंद झाली."

"जुना वाचक परत लावा."

"मंत्र्यांनी कौतुक केल्यावर?" दारातून रेगे कडाडले. "उठल्यामुळे बिघडलं ना? मग उठू नका! बसून वाचा. त्याला पुन्हा शिकवा."

मुकादमने मान खाली घालून होकार दिला. तर्क बरोबर होता, हेच त्यातलं लाजिरवाणं.

शिकवणीपुरत्या त्याने सगळ्या धारा उघडल्या आणि जुन्या सूचना एकेक करून पडद्यावर सोडल्या. खोतबाई त्यांच्याकडे एकटक बघत बसल्या. यंत्र शिकू लागलं. तेवढ्यात मधेच एक ताजी सूचना आली: सलाइनची बॅच, बुरशी. तीच खोकी त्या वेळी आवारात गाडीत चढत होती.

"बसा!" रेगे ओरडले. "आत्ता उठलात तर सगळी मेहनत वाया!"

"सर, गाडी सुटतेय."

"दहा मिनिटं कळ काढा. यंत्राला कळू दे, ही सूचना आपल्याला किती हवी आहे ते."

खोतबाईंनी खुर्ची मागे ढकलली आणि त्या धावल्या. फोन शोधत मुकादमही मागोमाग गेला. गाडी फाटकातून बाहेर पडता पडता अडली. खोकी उतरवून घेईपर्यंत दोघांचा घाम निघाला.

ते परतले तेव्हा खोतबाईंच्या खुर्चीत रेगे बसले होते. चेहरा पडद्याच्या उजेडात प्रसन्न.

"खुर्ची रिकामी राहू दिली नाही मी," ते म्हणाले. "निष्ठा म्हणतात याला."

पडद्यावर त्यांची मुलाखत होती. ते ती दुसऱ्यांदा वाचत होते. तिच्याखाली यंत्राने हौसेने आणखी मजकूर आणून ठेवला होता: संचालकांची भाषणं, सत्काराच्या बातम्या, शाल पांघरलेले फोटो.

"इतर बॅचच्या सूचना?" खोतबाईंनी धापा टाकत विचारलं. "मी गेल्यावर काय काय आलं?"

रेग्यांनी मजकूर पार तळापर्यंत सरकवून पाहिला.

"काहीच नाही," ते समाधानाने म्हणाले. "सगळं छान चाललंय."